तिसरं लोन घेऊन पहिली दोन फेडू का?

बेळगावच्या उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या पलीकडच्या एका गावातल्या बाईचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, पत्र लांब आहे म्हणून कामापुरतं देते.

"काकू, नवरा मशीनशॉपला आहे. पगार १७,०००. आधी ओटी (ओव्हरटाइम) धरून एकवीस-बावीस व्हायचे, दिवाळीपासून ओटी बंद आहे. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, साडेतीन हजार सुटतात. दोन फायनान्सचे हप्ते चालू आहेत, एक २,७०० चा आणि एक २,२५० चा. पहिलं दीराच्या लग्नाला घेतलं, दुसरं सासऱ्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला. शिवाय गावातल्या एकाकडनं २०,००० शेकडा पाचनं आणलेत पोरांची फी भरायला, हे घरात कुणालाच माहीत नाही. वर्ष होऊन गेलं, नुसतं व्याज भरायलेय. आता फायनान्सचे सर म्हणतात ८०,००० चं नवीन लोन करून देतो, जुनी दोन्ही क्लिअर होतील, हप्ता ४,३०० च बसेल आणि हातात पण येतील. घेऊ का? आमच्या ग्रुपमधल्या एकीनं तीन महिने हप्ता भरला नाही, तिचा नवरा गोव्याला कामाला गेलाय आणि पैसे पाठवेना झालाय, मग आम्ही नऊजणींनी तीनशे-तीनशे घालून तिचा हप्ता भरला. आता तिच्याशी कुणी बोलत नाही, हळदीकुंकवाला पण बोलावलं नाही. त्यातल्याच दोघी-तिघी म्हणतात आपली आपण भिशी काढूया. मला तर माणसांवर विश्वासच राहिला नाही. माझीच गावात सात-आठ हजार उधारी पडलीय ब्लाऊजची, मागायला लाज वाटते. काय करू सांगा."

अगं बाई, घेऊ नको. आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील. का नको ते आता वहीवर मांडूया, कारण "कर्ज वाईट असतं" असलं मोघम बोलणं तुझ्या काही कामाचं नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला तू लिहिलंयस की पहिल्या लोनचे ३१,००० आणि दुसऱ्याचे २८,००० राहिलेत. म्हणजे आहे तो हप्ता भरत गेलीस तर पहिलं साधारण तेरा महिन्यात संपतंय, दुसरं पंधरा महिन्यात. एकूण तुझ्या खिशातनं अजून जाणार आहेत ६९,००० च्या आसपास. आता नवीन लोनचं बघ. ४,३०० गुणिले २४ महिने, १,०३,२००. म्हणजे चौतीस हजार जास्त! आणि त्या बदल्यात हातात काय पडणार, तर ८०,००० तनं जुने ५९,००० वजा, वर प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स असलं काय काय कापून अठरा हजार आले तरी खूप झाले. अठरा हजारासाठी चौतीस हजार. हे गणित सर तुला सांगणार नाहीत, ते फक्त हप्ता साडेसहाशेनं कमी होतोय तेवढंच सांगणार, आणि महिन्याची ओढाताण चालू असलेल्या बाईला तेवढंच ऐकू येतं हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्यांच्यावर पण टार्गेट असतंय, ते बिचारे पण आपल्याचकडची पोरं आहेत, तो भाग वेगळा.

पण तुझ्या वहीतलं सगळ्यात वाईट कर्ज फायनान्सचं नाहीच. ते आहे शेकडा पाचचं. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. तू वर्षभर हजार-हजार देत आलीस, बारा हजार तर गेलेच, आणि मुद्दल वीसच्या वीस जागेवर. हे आधी मोडायचं. तुझ्याकडं बोरमाळ आहे असं तू एका ओळीत सहज लिहून पुढं गेलीस, मी तिथंच थांबले. ती बोरमाळ बँकेत ठेव. होय, माहेरची आहे, माहीत आहे. पण बँकेत सोन्यावर वीस हजार काढलेस तर महिन्याचं व्याज दीडशे-दोनशेच्या घरात बसतं. आज जे हजार त्या माणसाला देतेस तेच हजार बँकेत भरत राहिलीस तर दोन वर्षांच्या आत मुद्दलासकट कर्ज संपतं आणि बोरमाळ परत गळ्यात येते. बँकेचं बघ फक्त, दुकान थाटून बसलेल्या गोल्ड लोनवाल्याचं नको, आणि पावतीवर वजन किती लिहिलंय ते तिथंच काउंटरवर वाचून घे.

त्या माणसाला पैसे देताना एकटी जाऊ नको. तुझा कोरा चेक आणि आधारची झेरॉक्स त्याच्याकडं आहे म्हणतेस, तर पैसे मोजून द्यायच्या आधी चेक समोर टेबलावर पाहिजे, "घरी आहे, उद्या पाठवतो" चालणार नाही. कुरकुर केली तर आवाज न चढवता एवढंच सांग की कर्नाटकात लायसन नसताना सावकारी करता येत नाही, आणि अव्वाच्या सव्वा व्याजाविरुद्ध २००४ पासून वेगळा कायदा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं मायक्रो लोनच्या सक्तीच्या वसुलीवर वटहुकूम काढला त्यात तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि पाच लाखांपर्यंत दंड ठेवलाय, आणि पोलिसांनी तक्रार घ्यायला नकार द्यायचा नाही असं पण त्यात आहे. बहुतेक वेळा एवढं माहीत आहे म्हटलं तरी समोरचा नरमतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे, कारण त्या वटहुकूमानंतर आपल्याकडं गावागावात उठलंय की "सरकारनं संघाची (बायकांच्या गटाची) लोनं माफ केलीत, भरू नका". तसं नाही. तो कायदा नोंदणी नसलेल्या, लायसन नसलेल्या लोकांना धरून आहे. रिझर्व्ह बँकेत नोंद असलेल्या बँका आणि फायनान्स कंपन्या त्याच्या बाहेर आहेत, तुझी दोन्ही लोनं तसल्या कंपनीची आहेत, ती भरायचीच आहेत. कुणाच्या तरी भाषणावर विसंबून हप्ते तटवलेस तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, जाईल आणि उद्या पोरीच्या शिक्षणाला बँक दारात उभं करणार नाही.

पण भरायचीत म्हणजे मान खाली घालून ऐकून घ्यायचं असं पण नाही. या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून नियम आहेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. नातेवाईक, शेजारी, कामावरची माणसं यांना त्रास द्यायचा नाही. वसुली ठरलेल्या जागीच करायची, तू दोनदा लागोपाठ आली नाहीस तरच घरी यायचं. आधी फेडलंस तर दंड लावायचा नाही, उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या लोनवर नाही. आणि लोन कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं, हे पण नियमातच आहे. तुझं कार्ड कुठल्या भाषेत आहे ग? बहुतेक इंग्लिश नाहीतर कन्नड असणार. मराठीत मागून घे, हक्कानं. तुमच्या ग्रुपच्या बायकांना रात्री साडेआठपर्यंत बसवून ठेवलं, "पैसे झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही" म्हणाले, असं तू लिहिलंयस, त्याची कंपनीकडं लेखी तक्रार करायची, तीस दिवसात उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, त्यांचा फोन १४४४८. आणि वकील लागलाच तर बायकांना जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडनं फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असू दे, १५१०० ला फोन करायचा.

आता सासऱ्यांचं ऑपरेशन. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. नवऱ्याची पगाराची स्लिप काढून बघ, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) सव्वाशे-दीडशे रुपये कापले जातात का. पगार २१,००० च्या आत आहे, कारखान्यात दहाच्या वर माणसं आहेत, तर कापायलाच पाहिजेत, आणि मालकानं त्याच्या चौपटीपेक्षा जास्त स्वतःचे घालायचे असतात. त्या पैशात नवरा-बायको-पोरंच नाही तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचे पण उपचार येतात. बेळगावात ईएसआयचं हॉस्पिटल आहे. हर्नियाचं ऑपरेशन तिथनं झालं असतं किंवा तिथनं पाठवून झालं असतं, आणि दुसरं लोन, तो २,२५० चा हप्ता, बहुतेक लागलाच नसता. तुझी चूक म्हणून सांगत नाही. उद्यमबागेत, मच्छेला, नावग्याला काम करणाऱ्या किती घरात ते कार्ड ट्रंकेत पडून आहे, आणि आजारपण आलं की पहिली धाव खासगी दवाखान्यात, दुसरी फायनान्सकडं. आता सासरे-सासूबाईंची नावं त्या कार्डात घातलीत का ते बघ, नसतील तर या महिन्यातच घालायला लाव. आणि पैसे कापतात पण कार्डच नाही असं निघालं तर मला परत लिही, ते प्रकरण वेगळं.

घरात सांगायचं. हे तुला नको आहे माहीत आहे, पण बोरमाळ बँकेत गेली की गळ्यात दिसणार नाही, तेव्हा तसंही विचारणारच की. त्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं. सगळे आकडे एका कागदावर लिहून नवऱ्यासमोर ठेव, शेकडा पाचवालं पण, फोडून फोडून सांगत बसू नको, एकदाच. तो चिडेल. चिडू दे. त्याच्या भावाच्या लग्नाचं लोन तुझ्या नावावर आहे हे त्याला पण दिसायला पाहिजे, आणि त्या दीराला पण! दीर आता कमवतोय ना? मग २,७०० तले निदान हजार त्यानं दर महिन्याला द्यायला काय हरकत आहे? लग्न त्याचं, वरात त्याची, हप्ता वहिनीचा, हे कुठलं आलंय. सासूबाईंचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आहेत, त्याला मात्र हात लावू नको. ते कधी दोन-तीन महिने तटतात कधी एकदम येतात, त्याच्यावर हप्त्याचं गणित बसवता पण येत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पैसे येतायत त्या बाईच्या. पण सगळं कळल्यावर त्या आपणहून पोराच्या फीला काही देतील, असं मला वाटतं.

फीचं पण बोलून घे शाळेत. इंग्लिश मीडियम काढा, गावच्या मराठी शाळेत घाला, असा सल्ला देणारे तुला पुष्कळ भेटले असतील, मी देत नाही, तो तुमचा निर्णय. पण जूनमध्ये एकरकमी भरायच्या ऐवजी हप्ते करून द्या असं लेखी मागायला काय जातंय, मागणाऱ्याला बऱ्याच शाळा देतात.

आता तुझी उधारी. सात-आठ हजार! अगं तू हजार रुपये व्याज भरायलीस आणि गल्ली तुझे आठ हजार बिनव्याजी वापरायलीय. लाज तुला कशाला? साधं कर, वहीतनं प्रत्येकीची वेगळी चिठ्ठी काढ, तारीख, किती ब्लाऊज, किती रुपये, आणि पोरीच्या हातनं पाठव, "आईनं हिशोब पाठवलाय" एवढंच. पोर समोर असली की कुणी वाद घालत नाही. आणि इथनं पुढं पिकोची साडी पैसे दिल्याशिवाय दारातनं बाहेर जायची नाही.

राहिलं तुमच्या ग्रुपचं, आणि मला वाटतं तुझ्या पत्राचा खरा त्रास तिथंच आहे.

तुम्ही दहाजणी एकत्र आलात त्या कंपनीनं आणलं म्हणून. एकीनं नाही भरलं तर नऊजणींनी भरायचं, यालाच ते तारण म्हणून धरतात. दागिना नाही, जमीन नाही, मग तुमची एकमेकींसमोरची लाजच त्यांनी गहाण घेतलेली आहे. म्हणून गोव्याला नवरा गेलेल्या त्या बाईचा तुम्हाला राग आला, खरं तर तिनं तुम्हाला फसवलं नव्हतं, तिच्याकडं नव्हतेच. हळदीकुंकवाला न बोलावून तिचे पैसे काही आले नाहीत ना? उलट ती आता आणखी कुठल्या तरी संघात जाऊन गुपचूप नवीन लोन काढेल आणि त्यात अजून दहाजणी अडकतील.

तू तिच्या घरी जा. सगळ्या नको, तू एकटी. आणि दया म्हणून जाऊ नको, कामाचं बोलायला जा. तिचे तीन हप्ते म्हणजे ८,१००, तुम्ही नऊजणींनी घातलेले, नऊशे-नऊशे. ते तिनं कसे द्यायचे ते ठरवा, दर महिन्याला तीनशे, पाचशे, काय जमेल ते, व्याज नाही, कागदावर लिहून. रक्कम ठरली, लिहिली गेली की लोक बोलायला लागतात, मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. न ठरलेलं देणंच माणसं तोडतं.

मग भिशी. काढा, पण मी तुम्हाला नेहमीची भिशी काढा म्हणणार नाही. भिशीत दर महिन्याला एकीला मोठी रक्कम मिळते, ती फ्रीज, मिक्सर, लग्नाच्या आहेराला बरी. तुमची गरज वेगळी आहे, तुम्हाला मधेच लागणारे दोन-तीन हजार पाहिजेत, सलाईन लावायला, वह्या-पुस्तकांना, पगार आठ दिवस लांबला तर तेवढे दिवस काढायला. याच दोन-तीन हजारासाठी तुम्ही शेकडा पाचवाल्याच्या दारात जाता. म्हणून फंड करा. दहाजणी, दोनशे रुपये महिना, वर्षाचे झाले २४,०००. एका वेळी तीन हजाराच्या वर कुणाला द्यायचे नाहीत, चार महिन्यात परत, आणि लग्न, बारसं, वास्तुशांत, यात्रा यासाठी अजिबात नाही, कुणी कितीही जवळची असू दे. पैसे कुणाच्या घरात डब्यात ठेवायचे नाहीत, गटाच्या नावानं बँकेत खातं, दोघींच्या सह्या, पासबुक तिसरीकडं. त्या बँकेचंच बघा हं, पाच लाखांपर्यंतचा ठेवींचा विमा बँकेला असतो, सहकारी बँकेला पण असतो, पण पतसंस्थेला, सौहार्द सोसायटीला नसतो, आणि आपल्या जिल्ह्यात अशा सोसायट्यांत पिग्मी (रोजची ठेव) भरून बसलेल्या लोकांचं काय झालंय ते तुला मी सांगायची गरज नाही.

बाहेरच्या कुणाचे पैसे फंडात घ्यायचे नाहीत, व्याजाचं आमिष दाखवायचं नाही. त्या गोव्यावालीला पण घ्या, तिनं सहा महिने फक्त भरायचं, उचलायचं नाही. कुणी विरोध करेल, करू दे, पण ती बाहेर राहिली तर तुमच्यातली प्रत्येकजण मनात म्हणणार की उद्या माझं अडलं तर मला पण असंच काढतील, आणि मग कुणी खरं सांगणार नाही. नियम एकच कडक ठेवा, जिला जमणार नाही तिनं तारखेच्या आधी सांगायचं. आधी सांगितलं तर एक शब्द बोलायचा नाही, नंतर कळलं तर मात्र दंड.

हे सगळं स्त्री शक्ती किंवा संजीविनी या सरकारच्या बचतगट योजनांतनं नोंदवून पण होतं, अंगणवाडीच्या बाईंना आणि पंचायतीत विचारा, बँकेत खातं काढायला सोपं जातं आणि पुढं बँकेचं लोन पण फायनान्सपेक्षा कमी व्याजानं मिळतं. आपल्या या भागाला हे काही नवीन नाही, देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक १९०५ साली इथनं काही तासांवर गदग जिल्ह्यातल्या कणगिनहाळला निघाली, ती पण सावकाराला कंटाळलेल्या शेतकऱ्यांसाठीच.

आणि महिन्याच्या मीटिंगला पैसे गोळा झाले की लगेच उठू नका. अर्धा तास कागद घेऊन बसा. आपल्याकडं निम्मा त्रास कागदाचा आहे, नोटीस कन्नडमध्ये, फॉर्म कन्नडमध्ये, मेसेज कन्नडमध्ये, बायका मराठी शाळेत शिकलेल्या, मग कुणाचं तरी गृहलक्ष्मी केवायसीवर अडकलेलं असतं आणि तिला वर्षभर पत्ताच नसतो. तुमच्या पोरी शाळेत कन्नड शिकतात की, आठवी-नववीतली एक पोरगी बसवा वाचायला, चहा-बिस्किट द्या तिला. दहाजणीत एकीचा नवरा गवंडीकाम, सेंट्रिंग करत असेलच, त्याचं बांधकाम कामगार मंडळाचं लेबर कार्ड निघतं, वर्षात नव्वद दिवस काम केलेलं पाहिजे, पोरांच्या शिक्षणाला त्यातनं मदत असते. एकीला ईएसआय माहीत, दुसरीला लेबर कार्ड, तिसरीला तालुका ऑफिसातला कुठला क्लार्क नीट बोलतो ते माहीत. तुझ्या ग्रुपमधल्या एकीला जरी ईएसआयचं माहीत असतं आणि तुम्ही हप्त्याशिवाय दुसरं काही बोलत असता, तर सासऱ्यांचं ऑपरेशन आलं तेव्हा तिनं सांगितलं असतं ना?

विश्वास राहिला नाही म्हणतेस, ठीक आहे, विश्वास नसला तरी हे सगळं चालतं. दोन सह्या आणि वही त्यासाठीच आहेत.

क्रम तेवढा चुकवू नको. या आठवड्यात घरात सांगणं आणि पगाराची स्लिप बघणं, मग बोरमाळ आणि कोरा चेक, मग ती गोव्यावाली, फंड त्याच्यानंतर. सरांना म्हणावं नवीन लोन नको, जुन्याचं स्टेटमेंट तेवढं मराठीत द्या. आणि पिको, ब्लाऊजचे दर गणपतीच्या आधी दहा-वीस रुपयांनी वाढव, ऐन सणात बायका घासाघीस करत नाहीत, नंतर वाढवलेस तर कुणी ऐकायचं नाही.